अमेरिकेतली रायफल, मॅगझिन आणि राज्याराज्यांचे कायदे: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

डॅलसमधल्या दुकानातून रीतसर घेतलेली रायफल डिकीत टाकून कोणी कॅलिफोर्नियात राहायला निघाला, तर राज्याची हद्द ओलांडताच त्याच्या हातून गंभीर गुन्हा घडलेला असू शकतो. खरेदीची पावती खरी असते, पार्श्वभूमी तपासणी झालेली असते, टेक्सासात कुणी हरकत घेतलेली नसते. त्यातलं काहीही कॅलिफोर्नियात कामाला येत नाही.

भारतातून आलेल्या माणसाला हे पचायला जड जातं. आपल्याकडे १९५९ चा शस्त्र अधिनियम आणि २०१६ चे शस्त्र नियम देशभर एकच आहेत. परवाना जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त देतात आणि चर्चा मुख्यतः बोअरची, म्हणजे नळीच्या आतल्या मापाची होते: प्रोहिबिटेड (बंदी असलेला) की नॉन-प्रोहिबिटेड. अमेरिकेतल्या राज्यांचे कायदे बोअरकडे त्या नजरेने बघत नाहीत. रायफल कशी चालते, तिला काय काय जोडलंय आणि तिच्यात एका वेळी किती गोळ्या मावतात, हे ते बघतात. म्हणून 'कुठली रायफल चांगली?' हा प्रश्न अगदी शेवटी विचारायचा. त्याआधी काय विचारायचं, ते क्रमाने सांगतो. हा वकिलाचा सल्ला नाही. पण वकिलाकडे जाताना काय विचारायचं, हे यातून नक्की कळेल.

आधी स्वतःचा व्हिसा बघा

आपल्या लोकांसाठी सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच आहे आणि नेमका तोच कोणी सांगत नाही. एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१ अशा तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या माणसाला संघीय कायद्याने बंदूक किंवा काडतूस बाळगायला बंदी आहे. विकत घेणं तर सोडाच, नेमबाजीच्या रेंजवर मित्राची रायफल हातात घेणं हेसुद्धा 'बाळगणं' ठरू शकतं. या बंदीला काही अपवाद आहेत. त्यातला सर्वसामान्य माणसाच्या उपयोगाचा म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याने दिलेला, मुदत न संपलेला शिकारीचा परवाना. तो परवाना बहुतेक राज्यांत सुरक्षिततेचा कोर्स करून मिळतो. ग्रीन कार्डवाल्यांना ही बंदी लागू नाही.

शनिवार-रविवारी ऑफिसची टोळी रेंजवर जाते, फोटो काढले जातात, ते सगळीकडे फिरतात. त्या फोटोतल्या कितीजणांना माहीत असतं की या गुन्ह्याला १५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि बंदुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या परदेशी नागरिकाला देशाबाहेर काढता येतं? ग्रीन कार्ड असलं तरी ही टांगती तलवार राहते. तुमचा अर्ज मधल्या कुठल्यातरी टप्प्यावर असेल, नुसतं वर्क परमिट हातात असेल, तर अंदाज बांधू नका. इमिग्रेशनच्या वकिलाला स्पष्ट विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

याच पायरीवर आणखी एक गोष्ट. दुकानात भरायच्या ४४७३ क्रमांकाच्या फॉर्मवर गांजाबद्दल प्रश्न असतो. तुमच्या राज्यात गांजा कायदेशीर असला तरी तो संघीय कायद्यात बसत नाही, आणि फॉर्मवर खोटं लिहिणं हा वेगळा गुन्हा आहे.

मग केंद्राची चौकट, थोडक्यात

देशभर लागू असलेले काही नियम आधी पक्के करा. १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स अॅक्टप्रमाणे १६ इंचांपेक्षा आखूड नळीची किंवा एकूण २६ इंचांपेक्षा कमी लांबीची रायफल, सायलेन्सर आणि मशीनगन यांची नोंदणी लागते. १९८६ नंतर बनलेली मशीनगन सामान्य नागरिकाला घेताच येत नाही. मॅगझिनवर, म्हणजे बंदुकीत गोळ्या पुरवणाऱ्या पेटीवर, मात्र आज केंद्राची कुठलीही मर्यादा नाही. १९९४ साली दहा गोळ्यांच्या वरच्या मॅगझिनवर आणि 'असॉल्ट वेपन' म्हटल्या जाणाऱ्या रायफलींवर दहा वर्षांची बंदी आली होती. ती १३ सप्टेंबर २००४ ला आपोआप संपली आणि काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, पुन्हा आणली नाही. आज जे काही आहे ते राज्यांचं आहे, आणि म्हणूनच इतकं वेगवेगळं आहे.

आपलं राज्य कुठल्या गटात बसतं?

टेक्सास, फ्लोरिडा, जॉर्जिया, अॅरिझोना या राज्यांत रायफलीच्या घडणीवर किंवा मॅगझिनवर राज्याची खास मर्यादा नाही. दुसऱ्या टोकाला कॅलिफोर्निया, न्यू जर्सी, न्यूयॉर्क, कनेक्टिकट, मॅसॅच्युसेट्स, मेरीलँड, इलिनॉय, डेलावेअर, वॉशिंग्टन राज्य आणि राजधानी वॉशिंग्टन डीसी. मधे कोलोरॅडो आणि व्हरमाँटसारखी राज्यं, जिथे मॅगझिनवर मर्यादा आहे पण रायफलीच्या रूपावर कॅलिफोर्नियासारखी बंदी नाही. कोलोरॅडोने २०२५ मध्ये नवा कायदा केला. काही सेमी-ऑटोमॅटिक (एक गोळी सुटली की पुढची आपोआप आत येणाऱ्या) बंदुका घेण्याआधी प्रशिक्षण लागेल अशी त्यात अट आहे आणि त्याच्या अंमलाची तारीख १ ऑगस्ट २०२६ आहे.

राज्यावर थांबू नका, शहरही बघा. न्यूयॉर्क राज्यात रायफलीच्या मॅगझिनची मर्यादा दहा आहे, पण न्यूयॉर्क शहरात ती पाच आहे, आणि साध्या रायफलीलाही शहराचा वेगळा परवाना लागतो. म्हणजे लाँग आयलंडवर राहणारा आणि क्वीन्समध्ये राहणारा, दोघे एकाच राज्याचे रहिवासी असूनही त्यांचे नियम वेगळे.

आणि कायदा वाचताना क्रियापदांकडे लक्ष द्या. विकणं, विकत घेणं, बनवणं, राज्यात आणणं आणि बाळगणं या पाच वेगळ्या गोष्टी आहेत. मेरीलँडमध्ये दहाच्या वरच्या मॅगझिनच्या खरेदी-विक्रीवर बंदी आहे, नुसतं बाळगण्यावर नाही. वॉशिंग्टन राज्यात २०२२ पासून अशी मॅगझिनं आणि २०२३ पासून असॉल्ट वेपन विकणं व राज्यात आणणं बंद झालं, पण ज्यांच्याकडे आधीपासून आहेत त्यांना ती ठेवता येतात. त्यामुळे रेडमंडमधल्या जुन्या सहकाऱ्याकडे एखादी रायफल दिसली म्हणून नव्याने आलेल्या तुम्हालाही ती चालेल असं समजू नका. न्यू जर्सीत तर दहाच्या वरचं मॅगझिन बाळगणंच गुन्हा आहे. तिथे मर्यादा १९९० पासून १५ ची होती, २०१८ मध्ये ती दहावर आली आणि लोकांना ती मॅगझिनं मोडण्यासाठी, बदलून घेण्यासाठी किंवा सोपवण्यासाठी १८० दिवस मिळाले.

मॅगझिन मोजायचं कसं?

मर्यादा मॅगझिनच्या क्षमतेवर असते, त्यात प्रत्यक्ष किती गोळ्या भरल्यात यावर नाही. तीस गोळ्यांच्या मॅगझिनमध्ये पाचच भरल्या तरी कायद्याच्या लेखी ते तीसचंच. 'मी कधीच दहाच्या वर भरत नाही' हे उत्तर चालत नाही. न्यूयॉर्कने २०१३ मध्ये दहाच्या मॅगझिनमध्ये सातच गोळ्या भरायच्या असाही नियम केला होता, तो अपिलात टिकला नाही. क्षमतेची मर्यादा टिकली.

इलिनॉयमध्ये रायफलीसाठी दहा आणि पिस्तुलासाठी १५, डेलावेअरमध्ये १७, कोलोरॅडोत १५. कॅलिफोर्नियात सगळ्यांना दहा, पण तिथे दोन अपवाद नवख्यांच्या उपयोगाचे आहेत: .२२ बोअरची नळीसारखी ट्यूब आणि लिव्हर-अॅक्शन (चापाजवळचा दांडा हाताने खालीवर करून चालणाऱ्या) रायफलीची ट्यूब. त्यामुळे नळीखालच्या ट्यूबमध्ये चौदा-पंधरा काडतुसं घेणारी .२२ ची जुन्या धाटणीची रायफल तिथे बिनदिक्कत विकली जाते.

मोठं मॅगझिन रिव्हेट मारून कायमचं दहावर आणलेलं असेल तर ते चालतं. मात्र ते काम झालेलंच मॅगझिन दुकानातून घ्या. तीसचं आणून घरी बदलीन म्हटलं तर आणल्या क्षणी चूक झालेली असते. कॅलिफोर्नियात मोठ्या मॅगझिनचे सुटे भाग एकत्र करून विकलेल्या 'किट'वरही बंदी आहे. बे एरियातून (सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातून) टाहोला स्कीइंगला गेलेली मंडळी पुढे रेनोपर्यंत जातात, तिथल्या दुकानात मॅगझिनं खुलेआम टांगलेली दिसतात आणि कोणी ओळखपत्रही विचारत नाही. नेवाडात ती घेणं गुन्हा नाही. ती घेऊन परत कॅलिफोर्नियात शिरणं हा गुन्हा आहे.

रायफलीच्या रूपाचा प्रश्न

इथे सगळ्यांचा गोंधळ उडतो, म्हणून थोडं थांबून बघू. उदाहरण कॅलिफोर्नियाचं घेतो, कारण या प्रकारचा कायदा करणारं ते पहिलं राज्य. जानेवारी १९८९ मध्ये स्टॉकटनच्या प्राथमिक शाळेच्या मैदानावर एकाने अंदाधुंद गोळीबार केला, पाच मुलं गेली. त्याच वर्षी रॉबर्टी-रूस कायदा आला. त्यात रायफलींची नावांनिशी यादी होती. उत्पादकांनी नावं बदलली, बंदूक तीच ठेवली. म्हणून २००० पासून यादीच्या जोडीला वैशिष्ट्यांची कसोटी आली आणि २०१७ पासून ती आणखी कडक झाली.

तुमची रायफल या कसोटीत येते का, हे तीन प्रश्नांत कळतं. ती सेमी-ऑटोमॅटिक आहे का, म्हणजे चाप एकदा ओढला की एक गोळी सुटून पुढचं काडतूस आपोआप आत येतं का? ती सेंटरफायर आहे का, म्हणजे काडतुसाच्या बुडाच्या मधोमध प्रायमरची (आघाताने पेट घेणारी) गोल टिकली आहे का? आणि तिचं मॅगझिन रायफलीची यंत्रणा न उघडता काढता येतं का? तिन्हींची उत्तरं 'हो' आली, तर पुढच्यापैकी एकही गोष्ट तिच्यावर असता कामा नये: खाली ठळकपणे निघालेली पिस्तूल ग्रिप, अंगठा आरपार जाणाऱ्या भोकाचा दस्ता, दुमडणारा किंवा मागेपुढे सरकणारा दस्ता, नळीच्या तोंडाशी फ्लॅश सप्रेसर (गोळी सुटतानाचा जाळ झाकणारा भाग), पुढच्या हातासाठी उभी ग्रिप, ग्रेनेड किंवा फ्लेअर सोडण्याची सोय. एकच असली तरी ती असॉल्ट वेपन ठरते. याखेरीज, मॅगझिन पक्कं असलं तरी त्यात दहाच्या वर गोळ्या मावत असतील किंवा रायफलीची एकूण लांबी ३० इंचांच्या आत असेल, तर तीही असॉल्ट वेपन. लांबी मोजताना दस्ता दुमडून, रायफल चालू शकेल अशा सगळ्यात आखूड अवस्थेत मोजतात. नळीच्या तोंडाला कायमचा न जोडलेला भाग काढून ठेवतात.

बोल्ट-अॅक्शन (दर गोळीला बोल्ट हाताने मागेपुढे करावा लागतो अशा) आणि लिव्हर-अॅक्शन रायफली पहिल्याच प्रश्नात बाहेर पडतात. .२२ ची सेमी-ऑटोमॅटिक दुसऱ्या प्रश्नात बाहेर पडते, कारण ती रिमफायर असते, आघात बुडाच्या कडेवर होतो. म्हणून रूगर १०/२२ सारखी रायफल कॅलिफोर्नियातल्या नवख्याला सगळ्यात कमी डोकेदुखीची. नेमबाजी शिकायलाही तीच चांगली: काडतूस स्वस्त, धक्का नगण्य.

आता काउंटरवर दोन रायफली शेजारी ठेवल्यात असं समजा. एक रूगर मिनी-१४, लाकडी दस्त्याची, शेतावर वापरतात तशी. दुसरी काळी एआर-१५. दोन्ही सेमी-ऑटोमॅटिक, दोन्हींना तेच .२२३ चं काडतूस चालतं, दोन्हींचं मॅगझिन बटण किंवा खटका दाबून निघतं. लाकडी दस्त्याची मिनी-१४ दहाच्या मॅगझिनसह कॅलिफोर्नियात विकता येते. साध्या रूपातली एआर-१५ विकता येत नाही. अडचण पकडीत आहे. मिनी-१४ धरताना हात दस्त्याच्या मानेवर मागून येतो. एआर-१५ ची ग्रिप चापाच्या खाली पिस्तुलासारखी उतरते. राज्याच्या नियमात यासाठी हाताचंच माप दिलंय: अंगठा आणि तर्जनी यांच्या मधली त्वचा, गोळी झाडताना चापाच्या उघड्या भागाच्या वरच्या टोकाखाली येऊ शकत असेल, तर ती पिस्तूल ग्रिप.

म्हणून तिथल्या दुकानांत एआर-१५ दोन रूपांत दिसते. एकीच्या ग्रिपला मागून माशाच्या कल्ल्यासारखा प्लास्टिकचा पंखा लावलेला असतो. अंगठा पलीकडे वळतच नाही, एकाच बाजूला राहतो. दस्ता पक्का केलेला, नळीच्या तोंडाला फ्लॅश सप्रेसरऐवजी मझल ब्रेक (धक्का कमी करणारा भाग). याला 'फीचरलेस' म्हणतात. दुसरीत ग्रिप नेहमीची असते, पण मॅगझिन पक्कं असतं. रायफलीचे वरचे-खालचे भाग वेगळे केल्याशिवाय ते निघत नाही. पूर्वी बंदुकीच्या गोळीच्या टोकाने दाबायचं 'बुलेट बटण' चालायचं, २०१७ पासून त्याने भागत नाही. जुन्या चर्चांमध्ये अजून त्याची तारीफ वाचायला मिळते. ती वाचून कोणी आज तसं करू नये.

माझं मत असं की पहिली रायफल घेणाऱ्याने या दोन्ही रूपांच्या वाटेला जाऊ नये. एक स्क्रू ढिला झाला, हौसेने ऑनलाइन मागवलेली ग्रिप बसवली, की तीच रायफल कायद्याच्या पलीकडे जाते. आणि जबाबदारी दुकानदाराची नाही, तुमची राहते.

न्यू जर्सी आणि बाकीची

एडिसन, जर्सी सिटीत आपली माणसं इतकी आहेत, म्हणून दोन शब्द. न्यू जर्सीत नावांची यादी आहे आणि त्या यादीतल्या बंदुकींशी 'बहुतांशी सारख्या' असलेल्या बंदुकींवरही बंदी आहे. सारखेपणा ठरवायला तिथे सुटणारं मॅगझिन अधिक दोन वैशिष्ट्यं असा हिशेब आहे. कॅलिफोर्नियात एक पुरतं, इथे दोन. संगिनीची खुंटीसुद्धा त्यात मोजली जाते. यादी मात्र जशीच्या तशी वाचा, कारण तिच्यात दुसऱ्या महायुद्धातल्या एम-१ कार्बाइनचा प्रकारही आहे. आजोबांच्या काळातली लाकडी बंदूक म्हणून निर्धास्त राहायची सोय नाही. न्यूयॉर्कमध्ये २०१३ पासून आणि कनेक्टिकटमध्येही त्याच वर्षापासून एक वैशिष्ट्य पुरतं. इलिनॉयने जानेवारी २०२३ मध्ये कायदा केला, त्यात नावंही आहेत आणि वैशिष्ट्यंही.

खरेदीची कागदपत्रं

कॅलिफोर्नियात आधी फायरआर्म सेफ्टी सर्टिफिकेट: ३० प्रश्नांची परीक्षा, २३ बरोबर यावे लागतात, शुल्क २५ डॉलर, मुदत पाच वर्षं. रायफलीसाठी सर्वसाधारण वय २१. खरेदी केल्यावर दहा दिवस थांबायचं, मगच बंदूक हातात. जुलै २०२४ पासून ११ टक्के वेगळा करही बसतो, बजेट करताना तो धरा. न्यू जर्सीत आधी फायरआर्म्स पर्चेसर आयडेंटिफिकेशन कार्ड काढावं लागतं, त्यासाठी अर्ज स्थानिक पोलिसांकडे. इलिनॉयमध्ये फॉइड कार्ड, म्हणजे बंदूक मालकाचं ओळखपत्र. न्यूयॉर्कमध्ये सप्टेंबर २०२२ पासून सेमी-ऑटोमॅटिक रायफलीला परवाना.

शेजारच्या राज्यातून रायफल घेता येते का? परवानाधारक दुकानातून येते, पण दोन्ही राज्यांचे कायदे पाळले गेले पाहिजेत. दुसऱ्या राज्यातल्या मित्राकडून थेट घ्यायची नाही, भेट म्हणूनही नाही. ती परवानाधारक दुकानामार्फतच यायला हवी.

कोर्टाच्या बातम्या कशा वाचायच्या

'बंदी उठली' असा मथळा दिसला की लगेच दुकान गाठू नका. कॅलिफोर्नियाची मॅगझिनची मर्यादा २९ मार्च २०१९ ला संघीय न्यायाधीशाने रद्द केली. आठवडाभर लोकांनी धडाधड ऑर्डरी दिल्या आणि ५ एप्रिलला स्थगिती आली. पुढे खटला वर-खाली होत राहिला आणि मार्च २०२५ मध्ये नवव्या सर्किटच्या, म्हणजे कॅलिफोर्निया ज्याच्या हद्दीत येतं त्या संघीय अपील कोर्टाच्या, मोठ्या पीठाने मर्यादा वैध ठरवली. निकाल आला तरी स्थगिती असेल तर जुनाच कायदा लागू असतो. म्हणून दोनच गोष्टी तपासा: निकालाला स्थगिती आहे का, आणि राज्याच्या अॅटर्नी जनरलच्या किंवा राज्य पोलिसांच्या संकेतस्थळावर आज काय लिहिलंय.

प्रवास आणि घर बदलणं

१९८६ च्या संघीय कायद्याने प्रवाशाला थोडं संरक्षण आहे. जिथून निघालात आणि जिथे पोचणार तिथे बंदूक कायदेशीर असेल, तर मधल्या राज्यातून ती नेता येते. बंदूक रिकामी हवी, ती आणि काडतुसं हाताशी नकोत. डिकी नसलेल्या गाडीत कुलूपबंद पेटी हवी, आणि समोरचा हातमोजे ठेवायचा कप्पा त्यात धरत नाहीत. मात्र हे संरक्षण पुढे सरकत राहणाऱ्याचं आहे. २००५ मध्ये उटाहचा एक प्रवासी पेनसिल्व्हेनियाला निघाला होता. न्यू जर्सीतल्या नेवार्कला त्याचं पुढचं विमान चुकलं. चेक-इन केलेली बॅग परत घेऊन तो रात्री हॉटेलात राहिला आणि सकाळी विमानतळावर त्याने नेहमीप्रमाणे आपल्याकडे पिस्तूल असल्याचं सांगितलं. त्याला अटक झाली. रात्रभर बंदूक त्याच्या हाताशी होती, म्हणून संरक्षण लागू नाही, असं अपील कोर्टाने २०१० मध्ये म्हटलं. विमान चुकलं तर बंदुकीची बॅग ताब्यात घेऊ नका, ती विमान कंपनीकडेच राहू द्या आणि काउंटरवर तसं आग्रहाने सांगा.

घर बदलताना काम सामान बांधायच्या आधी सुरू करा. टेक्सासातून कॅलिफोर्नियात जाणार असाल तर प्रत्येक बंदुकीचं नाव, मॉडेल, नळीची आणि एकूण लांबी, जोडलेले भाग कागदावर लिहा. मॅगझिनांची क्षमता वेगळी लिहा. तो कागद आणि फोटो कॅलिफोर्नियातल्या परवानाधारक दुकानाला पाठवा आणि काय चालेल ते विचारा. जे चालत नाही ते टेक्सासातच विका किंवा तिथल्या, कायद्याने बंदूक बाळगू शकणाऱ्या नातेवाइकाच्या नावावर करून द्या. दहाच्या वरची मॅगझिनं कुठल्याही खोक्यात राहून जाऊ देऊ नका. स्वयंपाकघराच्या सामानात, जुन्या बॅगेच्या खिशात ती राहून जातात. बंदुका मूव्हर्सच्या ट्रकमध्येही टाकू नका, बहुतेक कंपन्या काडतुसं तर घेतच नाहीत. जे चालतं ते घेऊन गेल्यावर ६० दिवसांच्या आत राज्याच्या न्याय विभागाकडे नव्या रहिवाशाचा फॉर्म भरा आणि त्याची पोच बंदुकीच्या पेटीतच ठेवा.